वहीत १४३, कागदावर १८६

मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनची पदविका, केलेली. साताऱ्यातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये अकरा वर्षं रक्त काढते, यंत्रं चालवते. रिपोर्टवरची सही माझी नसते आणि गोळी लिहून द्यायचा अधिकारही मला नाही. तरी हे प्रकरण लिहायला बसले, कारण यातला जवळजवळ प्रत्येक आकडा माझ्यासमोर छापून आला आणि मीही त्याचा अर्थ चुकीचाच लावला. रुग्ण म्हणजे माझी मावशी. तिला विचारूनच लिहितेय. "नाव घालू नकोस, बाकी काय लिहायचं ते लिही," म्हणाली.

रुग्ण

वय ४६. पोळी-भाजी केंद्र चालवते. पहाटे साडेपाचला कणीक भिजवायची, अकरापर्यंत दीडशे-दोनशे पोळ्या, मग डबे भरायचे. स्वतःचं जेवण कधी दोनला, कधी साडेतीनला. वजन ५८ किलो, अंगानं किरकोळच. मधुमेह सहा वर्षांचा. मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम. डोळे, पाय, लघवीतलं प्रथिन दरवर्षी तपासलेलं आणि ठीक. त्या वर्षीच्या जानेवारीत एचबीए१सी, म्हणजे आपण जिला 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतो ती, ७.१ टक्के होती. सहा वर्षांच्या मधुमेहाला हे वाईट नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तपासणी झाली. उपाशीपोटी १२१, जेवणानंतर दोन तासांनी १६८. आणि एचबीए१सी ८.१. त्याखाली यंत्र आपोआप एक ओळ छापतं, अंदाजे सरासरी ग्लुकोज. ती होती १८६.

मावशीकडे एक शंभर पानी वही आहे. तिच्यात ती ग्लुकोमीटरचे आकडे तारीख-वेळेसकट लिहिते. त्या तीन महिन्यांत सकाळचे आकडे ११० ते १३०च्या आसपास, जेवणानंतरचे १५० ते १८०. मधुमेह असलेल्या बहुतेकांसाठी साधारण लक्ष्य उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८०च्या आत असं धरतात. म्हणजे वही पास आणि रिपोर्ट नापास.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि वही न उघडता बाजूला ठेवली. "ताई, दोन दिवस पथ्य पाळून सकाळची शुगर आणता येते. तीन महिन्यांची कशी आणणार?" त्यांना मी दोष देत नाही. वहीत सोयीचे आकडे लिहून आणणारे लोक मी लॅबमध्ये रोज बघते. तपासणीच्या आदल्या रात्री नुसतं ताक पिऊन येणारेही बघते. ग्लिमेपिराइड १ची २ झाली.

घरी आल्यावर मीही तेच केलं. "मावशी, खरं सांग, चव बघता बघता दिवसात किती पोटात जातं?" ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

श्रावणी सोमवार

गोळी वाढवून बारा दिवस झाले होते. मावशीचा उपवास. सकाळी गोळी घेतली, दहाला वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली, आणि मग कामाच्या रगाड्यात दुपारचं काही झालं नाही. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. साखर भराभर चढवतो आणि पोटात फार वेळ टिकत नाही. ग्लिमेपिराइडला उपवास कळत नाही. तुम्ही खा की न खा, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत राहते.

साडेचारला तिला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. पोळ्या लाटणाऱ्या बाईंना वाटलं, उपवासानं चक्कर आली असेल. त्या लिंबूपाणी करायला धावल्या, तेही मीठ घालून. मी योगायोगानं तिथेच होते. मीटरवर ५६. सत्तरच्या खाली साखर कमी धरतात, ५४च्या खाली गंभीर. तीन चमचे साखर पाण्यात कालवून दिली आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबलो. ८१ आली. मग दूध आणि केळं. शुद्ध थाऱ्यावर आल्यावर तिनं विचारलेला पहिला प्रश्न, उपवास मोडला का? साखर, दूध, केळं सगळं उपवासाला चालतं, म्हणून त्या दिवशी वाद झाला नाही.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लगेच डोस परत १वर आणला आणि उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची ते सांगितलं. पण प्रश्न तिथेच राहिला. जिची सरासरी १८६ आहे, ती एक मिलिग्रॅम गोळीच्या फरकानं ५६वर कशी येते?

पडताळणी

वही आणि मीटरची मेमरी घेऊन मी रविवारी बसले. ९२ नोंदी. त्यातल्या ९० जशाच्या तशा जुळल्या. दोन वहीत नव्हत्या: २१२ आणि १९८, आषाढ तळला त्या रात्रीची आणि दुसऱ्या दिवशीची. कापण्या. मावशी गालातल्या गालात हसली. पण त्या दोन घातल्या तरी सरासरी दीडनंसुद्धा हलत नव्हती. वही खरी होती आणि मला माफी मागावी लागली.

मग मीटर. सकाळी तिला लॅबमध्ये बोलावलं. एकाच वेळी बोटाचं रक्त मीटरवर आणि हाताच्या शिरेचं रक्त नळीत. मीटर १२४, लॅब ११२. घरगुती मीटरला १००च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं असं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात हा फरक बसतो. लॅबची नळी करड्या झाकणाची, फ्लोराइडवाली होती आणि मी ती लगेच फिरवली. हे मुद्दाम सांगते, कारण साध्या नळीत रक्त तसंच ठेवलं तर पेशी त्यातली साखर खात राहतात आणि तासाला पाच-सात टक्क्यांनी ती उतरते. गावातून दुपारपर्यंत गोळा करत आणलेल्या सॅम्पलची उपाशीपोटीची शुगर 'छान' येते, त्यातल्या काहींचं रहस्य एवढंच असतं.

मीटर लॅबपेक्षा जास्त दाखवत होतं. रक्त पातळ असेल, म्हणजे त्यात लाल पेशींचं प्रमाण कमी असेल, तर पट्टीवरचा आकडा चढा येऊ शकतो. पट्टीच्या डबीतल्या कागदावर हे बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि मी ते वाचलेलं आहे. तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली.

पुढचा संशय न मोजलेल्या तासांवर. सकाळ आणि जेवणानंतर चांगली दिसणारी साखर रात्री किंवा पहाटे चढत असेल तर? मावशीला एक दिवस सात वेळा टोचायला लावलं. नाश्त्याआधी १२२, नंतर १७६. दुपारच्या जेवणाआधी ११४, नंतर १७२. रात्रीच्या जेवणाआधी १२७, नंतर १८९. पहाटे तीनला गजर लावून १०४. सरासरी १४३. रात्रीच्या जेवणानंतर जरा चढते, बाकी दडलेलं काही नाही. १४३ची सरासरी म्हणजे एचबीए१सी साधारण ६.६ यायला हवी होती.

शेवटी संशय आमच्यावरच. आमचं यंत्र एचपीएलसी पद्धतीचं, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारं. त्या दिवशीचे कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेली सॅम्पलं, बरोबर. तरी एक सॅम्पल दुसऱ्या लॅबला पाठवलं. तिथे ८.०.

वही, मीटर आणि लॅब, तिघंही बरोबर आणि तरी त्यांचा हिशेब जुळत नव्हता. असं झालं की हिशेबाच्या पद्धतीवर शंका घ्यायची असते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दुसरी फाइल

उत्तर सापडलं ते विम्याचे कागद शोधताना. कपाटातून मावशीनं प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यात निळी फाइल शुगरची. तिच्याखाली गुलाबी फाइल, स्त्रीरोगतज्ज्ञांची. आत सोनोग्राफी होती, गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ. वर्षभर पाळीला खूप अंगावर जात होतं, आठ-आठ दिवस. आणि मे महिन्याचा एक सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी. हिमोग्लोबिन ८.९, म्हणजे रक्तक्षय.

तो रिपोर्ट आमच्याच लॅबचा होता. सॅम्पल मीच चालवलं असणार.

"हे त्या डॉक्टरांना का नाही दाखवलंस?"

"अगं, शुगरच्या डॉक्टरांना पिशवीचं काय दाखवायचं?"

लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. बद्धकोष्ठ झालं म्हणून दहा दिवसांत बंद केल्या. दम लागायचा, जिना चढताना धडधडायचं, ते सगळं तिनं शुगरच्या खात्यावर टाकलं होतं. आम्हीही.

आता जरा खोलात जाते. एचबीए१सी साखर मोजत नाही. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला साखर हळूहळू चिकटत जाते. एकूण हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांना ती चिकटली, तेवढंच यंत्र सांगतं. पेशी सरासरी १२० दिवस जगते. ती जितकी म्हातारी, तितकी साखर तिच्यावर साठलेली. 'तीन महिन्यांची शुगर' हे नाव तिथून आलं. रक्तात तरुण-म्हाताऱ्या पेशींचं नेहमीचं मिश्रण असेल तोवर टक्क्यावरून साखरेचा अंदाज नीट बांधता येतो. लोह संपलं की नव्या पेशी कमी तयार होतात, मिश्रणात म्हाताऱ्यांचा भरणा वाढतो आणि साखर तीच असूनही टक्का चढतो. कारणं याहून जास्त आहेत, पण मुख्य हे.

म्हणजे मावशीचं ८.१ टक्के हिमोग्लोबिन खरोखरच साखर चिकटलेलं होतं. यंत्र खोटं बोललं नाही. खोटी होती ती खालची ओळ, १८६. ती मोजलेली नसते. टक्क्याला २८.७नं गुणा आणि ४६.७ वजा करा, एवढंच त्यामागे असतं. हे सूत्र २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, ५०७ माणसांच्या अभ्यासातून आलं. रक्तक्षय, रक्तस्राव, हिमोग्लोबिनचे आजार असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. अभ्यास करणाऱ्यांचं ते बरोबरच होतं. पण आम्ही ते सूत्र सगळ्यांच्या कागदावर छापतो, आणि महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, हा २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा.

मला गंमत वाटते ती या तपासणीच्या जन्माची. १९६८मध्ये तेहरानमध्ये सॅम्युअल राहबर हे डॉक्टर रुग्णांच्या रक्तात वेगळ्या जातीची हिमोग्लोबिनं शोधत होते. मधुमेह असलेल्यांच्या रक्तात त्यांना एक वेगळा पट्टा दिसला आणि त्यातून पुढे ही तपासणी आली. जी तपासणी हिमोग्लोबिनच्या शोधातूनच सापडली, ती वाचताना आम्ही हिमोग्लोबिनच बघायचं विसरलो.

उलट्या दिशेची चूक जास्त घातक, कारण ती दिलासा देते. लाल पेशी लवकर मरत असतील तर त्यांच्यावर साखर साठायला वेळच मिळत नाही आणि टक्का खोटाच कमी येतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचा आजार आहे, तिथे हे घडतं. नुकतंच रक्त चढवलेलं असेल किंवा डायलिसिसच्या रुग्णाला रक्तवाढीची इंजेक्शनं चालू असतील तरी आकड्याचा भरवसा राहत नाही. तिथे उपाशीपोटी १८० आणि एचबीए१सी ५.९ असा कागद आला तर आनंद करायचा नसतो.

पुढचे सहा महिने

दोन्ही फाइली घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुलाबी फाइलमधला सीबीसी पाहिला, निळीतला रिपोर्ट पाहिला, वही उघडली. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाळीचं मी विचारायला हवं होतं." केसपेपरवर वर, लाल पेनानं लिहिलं: एचबीए१सीवर सध्या विसंबू नये.

नव्या तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन आता ८.२, पेशींचा सरासरी आकार ६६, म्हणजे लहान, आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ५. लोहाची कोठी रिकामी. बी१२ काठावर, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की ते उतरतं आणि त्याच्या कमतरतेतही एचबीए१सी चढू शकते, म्हणून त्याचीही भर घालायची ठरली. एचपीएलसीवर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष, दिसला नाही, पण लोह कमी असताना तो झाकला जाऊ शकतो, म्हणून लोह भरल्यावर ती तपासणी पुन्हा केली. नव्हताच.

साखरेसाठी फ्रुक्टोसामाइन केली. तीही चिकटलेल्या साखरेचीच मोजणी, पण रक्तातल्या प्रथिनांवरच्या, म्हणून लाल पेशींशी तिचा संबंध नाही. दोन-तीन आठवड्यांचं चित्र देते. २९१ आली. वरची मर्यादा २८५, म्हणजे किंचित वर. मधुमेह आहे, पण हाताबाहेर नाही.

आणि दंडावर चौदा दिवसांचा सेन्सर. तो कातडीखालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी नोंदवतो. भट्टीजवळच्या घामानं तो सुटेल ही मावशीची धास्ती, म्हणून वरून चिकटपट्टी. सरासरी १३९. त्यावरून काढलेली एचबीए१सी ६.६. ८३ टक्के वेळ साखर ७० ते १८०मध्ये, १२ टक्के वेळ वर आणि ५ टक्के वेळ सत्तरच्या खाली. खाली जाण्याचा वेळ ४ टक्क्यांच्या आत हवा असतो. तिचे बहुतेक खड्डे दुपारी चार ते साडेपाचमध्ये, जेवण लांबलेल्या दिवशी. ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमही जास्तच होत होती. डॉक्टरांनी ती बंद केली, मेटफॉर्मिन तशीच ठेवली. जिला 'शुगर वाढलीय' म्हणून गोळी वाढवली होती, तिची गोळी निघाली. हे वाचून कुणी आपली गोळी आपणच बंद करू नये. इथे आधी सेन्सरचा आलेख होता, मग निर्णय.

लोहाची गोळी या वेळी वेगळी दिली, एक दिवसाआड, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. मोठी लढाई चहाची झाली. केंद्रावर दिवसाला पाच कप, आणि चहाबरोबर घेतलेलं लोह अंगी लागत नाही. शेवटी पहाटे उठल्याबरोबर गोळी आणि चहा साडेसातला, असा तह झाला. स्त्रीरोगतज्ज्ञांनी गर्भाशयात हार्मोनचं उपकरण बसवलं. अंगावर जाणं दोन-तीन महिन्यांत निम्म्यावर आलं. शेजारच्या दोघींनी "पिशवीच काढून टाक" असा सल्ला दिला होता, तो तूर्त बाजूला आहे.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६. एचबीए१सी ६.३. घरात पेढे आले, अर्धा-अर्धा. मला मात्र तो आकडा पटला नाही. लोह मिळाल्यावर अस्थिमज्जेतून नव्या पेशींचा लोंढा येतो आणि तरुण पेशींवर साखर कमी साठलेली असते. आता टक्का उलट बाजूला झुकला होता. डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि वहीवर भर दिला.

सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.४, स्थिर. एचबीए१सी ६.७.

"वाढली की गं," मावशी हिरमुसली. तिला कागदाच्या मागे पेशी काढून दाखवल्या, म्हाताऱ्या काळ्या आणि तरुण पांढऱ्या. ६.७ हा या सगळ्या वर्षातला पहिला आकडा, जो वहीशी आणि सेन्सरशी जुळला. तिनं तो वहीत लिहिला, शेजारी हिमोग्लोबिनही. दोन्ही फाइली आता एकाच दोऱ्यानं बांधलेल्या असतात.

रात्रीच्या जेवणानंतरचा १८९ मात्र अधूनमधून अजूनही येतो. केंद्रावरचा उरलेला भात तिला टाकवत नाही.